पुण्याला उतरायचंय, पण डोळ्यांनी

(नसरापुरात रेकॉर्ड केलेल्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ते काय म्हणतात" बरेचसे गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आज स्टुडिओ वगैरे नाही. नसरापुरात घरी आलोय, गच्चीवर सतरंजी टाकून फोनवरच रेकॉर्ड करतोय. मधे एसटीचा हॉर्न किंवा शेजारचं कुत्रं ऐकू आलं तर सांभाळून घ्या.

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणून गेलो की ट्रेनिंगला असताना छोटं विमान घेऊन पुण्याला उतरलोय. त्यावर मेसेजच मेसेज. बहुतेकांचा सूर एकच: "दादा, जिथे एवढी मोठी विमानं उतरतात, तिथे तुमच्या चार सीटच्या विमानाला येऊ कोण देतं?" आणि एकीने विचारलंय, "वरून रस्ता कसा कळतो? मॅप लावता का?" दोन्हीची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत, म्हणून आज तीच गोष्ट.

आधी एक शब्द समजून घेऊ. व्हीएफआर. व्हिज्युअल फ्लाइट रूल्स. म्हणजे पायलट बाहेर बघून विमान चालवतो. नदी, डोंगर, रेल्वेलाइन ओळखत जातो, ढगांपासून लांब राहतो, दुसरं विमान दिसलं तर आपण स्वतः टाळतो. प्रवासी विमानं जातात आयएफआरने, उपकरणांवर. त्यांना ढगात काही दिसलं नाही तरी चालतं. आता पुण्यासारख्या ठिकाणी हे दोन्ही प्रकार एकाच धावपट्टीवर येतात. तिथे मग कंट्रोलर असतो, आणि त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या हद्दीत शिरायचं नसतं.

चेलाडी फाटा सगळ्यांना माहितीये. सर्व्हिस रोडवरून हायवेला लागायचंय, तुमच्याकडे स्प्लेंडर, मागे कुणीतरी पोतं धरून बसलंय, आणि साताऱ्याकडून ट्रक ऐंशीने येतायत. तुम्ही काय करता? थांबता, फट बघता, मग घालता. विमानात सगळं असंच आहे. फक्त एक अडचण, पाय टेकवून थांबता येत नाही. थांबायचं म्हटलं तरी हवेत फिरतच राहावं लागतं, आणि फिरायला पेट्रोल लागतं आणि वेळ लागतो. माझ्या मते व्हीएफआर प्लॅनिंगचा निम्मा भाग ह्या एका अडचणीचाच आहे. बाकी निम्मा कागदपत्रांचा.

मी तेव्हा बारामतीला शिकत होतो. तिथे टॉवरमध्ये सरकारी कंट्रोलर नव्हता. फ्लाइंग स्कूलचीच माणसं रेडिओवर वारा आणि रनवे सांगायची, आणि हवेत आम्ही सगळे एकमेकांना आपापली जागा सांगत फिरायचो. घरच्यासारखा कारभार. आणि पुणे? पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, लोहगावचा तळ. तिथे सुखोई उडतात. प्रवासी टर्मिनल त्याच धावपट्टीवर पाहुणं आहे, आणि ट्रॅफिक कंट्रोल हवाई दलाकडे. धावपट्टी एकच, साधारण अडीच किलोमीटरची, नाव १०/२८. म्हणजे एका बाजूने उतरलात तर तुमचं तोंड १०० अंशांकडे, जवळजवळ पूर्वेला. दुसऱ्या बाजूने उतरलात तर २८० अंशांकडे, जवळजवळ पश्चिमेला. लढाऊ विमानं, प्रवासी विमानं, सगळं त्या एका पट्टीवर. तिथे आम्ही जाणार सेसना १७२ घेऊन. सेसनाचं वजन भरून अकराशे किलोच्या आसपास. मागून येणारं एअरबस ए३२० सत्तर टनांच्या पुढचं.

सरांनी, म्हणजे माझ्या इन्स्ट्रक्टरांनी, मला दोन दिवस आधी सांगितलं, "बारामती ते पुणे प्लॅन करून आण." मी घरी फोन केला. चूक नव्हे, पण उत्साह! झालं, घरून लगेच फर्माईश. आई म्हणाली, "मग गावावरून एक चक्कर मार की. बनेश्वराजवळून गेलास तर आम्ही नदीकाठी उभं राहू." चुलतभावाने तर स्टेटस टाकायची तयारी केली.

म्हणून मी पहिला मार्ग खरंच नसरापूरवरून आखून बघितला. नीरा नदी धरून पश्चिमेला, वीर धरण, मग हायवे, नसरापूर, तिथून उत्तरेला वळून कात्रजच्या डोंगरावरून पुणं. कागदावर सुंदर दिसतं. पण ट्रेकला जाणाऱ्यांनो, तोरणा किती उंच? १४०३ मीटर. फुटांत ४६०० च्या वर. आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या व्हीएफआर विमानाला जी उंची धरायची असते ती असते सम हजार अधिक पाचशे, म्हणजे ४५००, ६५०० अशी. मी ४५०० फुटांनी आलो तर तोरण्याचा माथा माझ्यापेक्षा वर. नसरापूर तोरण्यापासून लांब आहे हे मान्य, पण ढग खाली आले, जरा डावीकडे सरकलो, की सगळी डोंगररांग अंगावर. आणि कात्रज ओलांडला की खाली काय? धनकवडी, बिबवेवाडी, हडपसर, सलग घरं. आमचं विमान एका इंजिनचं. ते बंद पडलं तर उतरायला मोकळं रान हवं. सहकारनगरच्या कुठल्या गच्चीवर उतरू?

आईला सांगितलं, गावावरून येत नाही. ती म्हणाली, "बरं." त्या "बरं"चा अर्थ मराठी मुलांना सांगायला नको.

मग सरळ मार्ग. बारामतीचा रनवे ते लोहगाव, सरळ रेघ मारली तर साधारण ४४ नॉटिकल मैल, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. दिशा ३०० अंशांच्या जवळ, वायव्येकडे. ताशी शंभर नॉटने सव्वीस-सत्तावीस मिनिटं, समोरून वारा असला तर अर्धा तास. आणि ही रेघ नकाशावर कुठून जाते बघा: आधी भुलेश्वरचा डोंगर, मग उरुळी कांचन, मग थेऊर. एकदम ओळखीची ठिकाणं. त्यातही उरुळी कांचनजवळ सोलापूर रोड, दौंडची रेल्वेलाइन, उत्तरेला मुळा-मुठा नदी आणि दक्षिणेला कालवा, चार रेघा जवळजवळ बरोबरीने धावतात. वरून हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही. मॅप लावता का विचारणाऱ्या ताईंना हे उत्तर. मॅप असतोच, पण तो घरी पाठ करून जायचा. विमानात मान खाली घालून मॅप बघत बसलं की बाहेर कोण बघणार?

आता इथे खरी गंमत आहे. ही इतकी सोयीची रेघ थेऊरच्या पुढे जाते कुठे? २८ च्या धावपट्टीवर उतरणारी विमानं पूर्वेकडून येतात. त्यांची उतरत येणारी वाट वाघोलीच्या बाजूने, नदीच्या उत्तरेला. माझी रेघ थेऊरवरून तिरकी वर चढत बरोबर त्याच वाटेत घुसते. म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता मला नेऊन सोडतो एअरबसच्या पोटाखाली. उरुळी कांचनला मी त्या वाटेपासून चारेक मैल दक्षिणेला असतो. थेऊरला अडीच मैल. पुढे काहीच नाही.

म्हणून नकाशावर मी नदीवर लाल पेन फिरवला. पुणं स्पष्ट शब्दांत "या" म्हणेपर्यंत मुळा-मुठा ओलांडायची नाही. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, माझा. कंट्रोल झोनची जी अधिकृत हद्द चार्टवर असते ती वेगळी, ती पाळायचीच. पण हद्द हवेत दिसत नाही, नदी दिसते.

थांबायची जागाही तेव्हाच ठरवली: उरुळी कांचनच्या दक्षिणेला, कालव्याच्या पलीकडे. खाली शेतं आहेत, जानेवारीत बराच ऊस तुटलेला असतो, वेळ आली तर उतरायला जागा.

मग दोन चित्रं काढली. २८ चालू असेल तर मी दक्षिणेकडून येऊन डाव्या बेसला लागेन, म्हणजे धावपट्टीच्या रेघेकडे काटकोनात जाऊन डावीकडे वळायचं आणि उतरायचं. १० चालू असेल तर मात्र पूर्ण धावपट्टीला समांतर पश्चिमेकडे जावं लागेल, खराडी-कल्याणीनगरच्या बाजूने, उजवा डाउनविंड, आणि मग फिरून यायचं. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून १९४२ फूट, म्हणजे चक्कर मारताना काट्यावर २९५० च्या आसपास दिसायला हवं. ही दोन्ही चित्रं मी गुडघ्यावरच्या पॅडला लावली. कारण कंट्रोलर तुम्हाला कुठली बाजू देईल ते ऐनवेळी कळतं, आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

धावपट्टी दिसली की झालं, असं वाटतं ना? इथे तुम्हाला मुंबईची एक जुनी गोष्ट सांगतो. २४ सप्टेंबर १९७२. जपान एअरलाइन्सचं डीसी-८, लंडनहून टोकियोला निघालेलं, वाटेत मुंबई. पायलट समुद्राकडून सांताक्रूझच्या धावपट्टीकडे येत होते. समोर धावपट्टी दिसली, उतरले. ती जुहूची होती! जुहू सांताक्रूझच्या अलीकडेच, आणि तिची धावपट्टीही जवळजवळ त्याच दिशेची, पण लांबी जेमतेम अकराशे मीटर. विमान पुढे निघून गेलं, मोडलं. माणसं वाचली. आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट जेटही असंच चुकून जुहूला उतरलं होतं. अनुभवी लोक होते सगळे. डोळ्यांना जे हवं असतं ते डोळे आधी दाखवतात. म्हणून "धावपट्टी दिसली" हे पुरेसं नाही. कोणत्या क्रमाने काय दिसणार ते आधी लिहायचं: आधी नदी, नदीच्या पलीकडे वाघोलीच्या इमारती, त्यांच्या डावीकडे धावपट्टी, आणि विमानाचा कंपास २८० च्या जवळ. क्रम जुळला नाही तर वर चढायचं आणि विचारायचं.

त्याच जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथमध्ये उतरले, तेव्हा त्यांच्याकडे रेडिओसुद्धा नव्हता. "थांबा" म्हणणारं कुणी नव्हतं, आणि विचारायलाही कुणी नव्हतं. हेवा करावा की धास्ती घ्यावी, मला अजून कळलेलं नाही.

आता हवामान. नियम असा: कंट्रोल झोनमध्ये व्हीएफआरने उतरायचं तर दृश्यता किमान ५ किलोमीटर आणि ढगांचा तळ किमान १५०० फूट. त्याहून कमी असेल तर स्पेशल व्हीएफआर नावाची सोय आहे, ती मागून घ्यावी लागते. पण सरांनी आधीच सांगितलं होतं की विद्यार्थ्यासोबत मी ती मागणार नाही. पुण्याला जानेवारीत सकाळी काय होतं ते कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडताना तुम्ही पाहिलंय. खाली खोलगट भागात थंड हवा बसते, वर गरम हवेचं झाकण, आणि धूर-धूळ सगळं मधे अडकलेलं. शहरावर राखाडी गोधडी. मेटारमध्ये, म्हणजे दर अर्ध्या तासाने येणाऱ्या हवामानाच्या कोडमध्ये, दृश्यता २५००, ३००० मीटर दिसते. ऊन तापलं की झाकण उचललं जातं. म्हणून सकाळ बाद. उन्हाळ्यात उलट. सकाळ बरी, दुपारी ३८ अंशात हवा इतकी विरळ की १९४२ फुटांवरची धावपट्टी विमानाला पाच हजार फुटांवरची वाटते. इंजिन मंद, पंख मंद. आणि संध्याकाळी वळीव. आम्ही जानेवारीची दुपार धरली.

दुपार धरली की दुसरा चोर येतो. सूर्य.

आपल्याकडे व्हीएफआर दिवसाउजेडीच, काही स्थानिक आणि ट्रेनिंगच्या सवलती सोडल्या तर. बारामतीला तेव्हा रात्री उतरायची सोयही नव्हती. सगळ्यांना वाटतं पेट्रोल संपायची भीती असते. आमच्या टाकीत चार तासांहून जास्त पेट्रोल होतं! वेळ मात्र तेवढा नव्हता. मी उलटा हिशोब मांडला. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. त्याआधी अर्धा तास राखून ५:४० ला बारामतीत चाकं टेकलेली हवीत. म्हणजे पुण्याहून ५:१० ला उड्डाण. पुण्यात टॅक्सी, पार्किंग, कागद, परत इंजिन सुरू करणं, ह्याला पन्नास मिनिटं. म्हणजे ४:२० ला उतरायलाच हवं. उरुळी कांचनहून पुणं आठ-दहा मिनिटं. तेव्हा ४:१० ला उरुळी सोडली नाही तर परत. विमानात घड्याळ यूटीसीवर असतं, साडेपाच तास मागे, म्हणून पॅडवर मोठ्या अक्षरात लिहिलं: १०४०, आणि त्याखाली "बारामती".

सरांनी प्लॅन बघितला. मार्ग, इंधन, सगळं बघून त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे १०:४० चं १०:४५ कोण करणार?"

"कुणी नाही, सर."

"मी म्हटलं तरी?"

मी जरा थांबलो. मग म्हटलं, "तरी नाही." त्यांनी सही केली.

कागदांचं पटकन सांगतो, कंटाळवाणं आहे. हवाई दलाचा तळ, त्यामुळे आधी परवानगी. फ्लाइट प्लॅन निघायच्या किमान तासभर आधी. मग एफआयसी नंबर आणि एडीसी नंबर. एडीसी म्हणजे एअर डिफेन्स क्लिअरन्स, तो नसेल तर हवाई दलाच्या रडारवर तुम्ही अनोळखी ठिपका. आणि नोटॅम वाचायचे. नोटॅम म्हणजे "अमुक तारखेला अमुक बंद" अशा सूचना. पुण्याची धावपट्टी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ अशी चौदा दिवस दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होती. न वाचता गेलेला माणूस तिथे नुसता चकरा मारून आला असता.

रेडिओचं मात्र सविस्तर सांगतो, कारण नवी मुलं इथेच घाबरतात. इंग्रजी बोलायचं म्हणून नाही हो, वेगात बोलायचं म्हणून. पहिल्या कॉलमध्ये चारच गोष्टी: मी कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवंय. हे मी मेसमध्ये भात खाता खाता, अंघोळीला, शंभरदा म्हटलं होतं. रूममेट वैतागून म्हणाला, "पुणे राहू दे, मी तुला लँडिंग क्लिअरन्स देतो, झोप आता." कंट्रोलर जे सांगेल त्यातली उंची, धावपट्टी, अल्टिमीटरचा आकडा आणि ट्रान्सपॉन्डरचा कोड परत म्हणून दाखवायचा. आणि एक शब्द नीट लक्षात ठेवायचा: "स्टँडबाय". त्याचा अर्थ "थांब, बोलतो". होकार नाही, नकारही नाही. स्टँडबाय ऐकून हद्दीत शिरलात तर तुम्ही विनापरवाना शिरलात.

तर तो दिवस. ३:२० ला बारामती सोडलं. मेटारला दृश्यता ५०००, अगदी काठावर. भुलेश्वर डावीकडे स्वच्छ दिसला, पुढे सगळं दुधी. ३:४० च्या सुमाराला उरुळी. पुण्याला बोलावलं. उत्तर आलं: उरुळी कांचनच्या दक्षिणेला ऑर्बिट करा, ट्रॅफिक आहे. मी आखलेलीच जागा! मनात म्हटलं, वा.

ऑर्बिट म्हणजे गोल चक्कर. एका चकरेला दोन मिनिटं. एक, दोन, तीन. रेडिओवर ऐकू येत होतं, एकामागून एक विमानं खाली येतायत, त्यात लढाऊ विमानांची एक जोडी. सातव्या चकरेला शर्ट पाठीला चिकटला. प्रत्येक चकरेत एकदा सूर्य तोंडावर यायचा, आणि दर वेळी तो जरा खाली वाटायचा. त्यांचं काही चुकत नव्हतं. सेसना शेवटचे सहा मैल ६५ नॉटने आली तर साडेपाच मिनिटं खाते. एअरबस तेच अडीच मिनिटांत संपवते. मला मधे घ्यायचं म्हणजे मागच्याला थांबवायचं, आणि मागच्यात दीडशे-पावणेदोनशे माणसं. शिवाय माझ्या पुढे एअरबस गेली तर तिच्या पंखांमागचे भोवरे हवेत राहतात. त्यासाठी मला पाच मैल मागे ठेवायचं. म्हणजे माझ्यासाठी रांगेत केवढी मोठी फट हवी बघा.

४:०८ ला आवाज आला: आणखी दहा मिनिटं लागतील.

दहाच मिनिटं. विमानतळ तेरा मैलांवर. तासाला हजारो रुपये मोजून इथवर आलोय. मी सरांकडे बघितलं. सर बाहेर बघत होते. ते मुद्दाम बाहेर बघत होते हे मला आज कळतं. मी चौदावी चक्कर पूर्ण केली, घड्याळात १०४० झाले, बटण दाबलं आणि बारामतीला परत जायची विनंती केली. लगेच मिळाली. ५ वाजायच्या आधी आम्ही बारामतीत चहा पीत होतो, ऊन चांगलं होतं. त्या उन्हाचा मला फार राग आला.

संध्याकाळी घरी फोन. आई म्हणाली, "एवढं जाऊन परत आलास? मग उपयोग काय झाला?" बाबांचं हायवेला ऑइल आणि पंक्चरचं दुकान. त्यांनी फक्त विचारलं, "तासाचे किती?" मी सांगितलं. गप्प झाले. मग म्हणाले, "रात्री अंधारात घाट चढण्यापेक्षा बरं." विषय संपला. पण मला माहीत होतं, कमर्शियल लायसन्सला किमान दोनशे तास लागतात, आणि त्यातल्या प्रत्येक तासामागे त्या दुकानातले किती दिवस जातात.

अकरा दिवसांनी पुन्हा गेलो. प्लॅन तोच, तीच नदी, तीच लाल रेघ. एकच बदल केला. निघायची वेळ. आधीचा आठवडाभर मी फोनवर फ्लाइट ट्रॅकर उघडून पुण्याची विमानं बघत बसलो होतो. दुपारी एका ठराविक वेळेला रांग जरा पातळ व्हायची, तिथे आम्ही आमचा नंबर लावला. ह्या वेळी उरुळीला तीनच चकरा. मग: लेफ्ट बेस, रनवे २८, वेग जमेल तितका ठेवा, आणि सावध, पुढे एअरबस. नदी ओलांडली. वाघोलीच्या इमारती, डावीकडे पट्टी, कंपास. जुळलं. शंभर नॉट शक्य तितका वेळ ठेवला, शेवटच्या टप्प्यात ६५. एअरबस जिथे टेकली त्याच्या पुढे उतरायचं, तिच्या वाटेच्या वर राहून, म्हणजे भोवरे खाली राहतात. अडीच किलोमीटरची पट्टी आहे, सेसनाला पाचशे मीटर पुष्कळ. टेकलो. "पहिल्या वळणाने लवकर बाहेर पडा" अशी घाई झाली, कारण मागे पुढचा येतच होता. टॅक्सी करताना शेजारी एवढं मोठं विमान, त्याच्या खिडकीतून एक लहान मुलगी आम्हाला टाटा करत होती. हात हलवावा की नाही कळेना. दोन्ही हात कामात होते.

लॉगबुकात दोन ओळी आहेत. एकीत बारामती–बारामती, दुसरीत बारामती–पुणे. वेळ जवळजवळ सारखीच.

आता तुमच्यासाठी घरबसल्या करायचं काम, पायलट व्हायचं असो नसो. फोन आहेच हातात. एआयएम इंडियाच्या वेबसाइटवर भारतातल्या विमानतळांची अधिकृत माहिती फुकट बघता येते, त्यात पुणे शोधा. कोड व्ही-ए-पी-ओ. धावपट्टी, उंची, सूचना, सगळं आहे. फ्रीक्वेन्सी मी मुद्दाम सांगितल्या नाहीत, त्या बदलतात, तिथेच बघा. मग त्याच कोडचं मेटार शोधा आणि रोज सकाळी आठला आणि दुपारी तीनला दृश्यतेचा आकडा वहीत लिहा. एचझेड दिसलं तर हेझ, एफयू दिसलं तर धूर. आणि ट्रॅकरवर आठवडाभर बघा, विमानं पूर्वेकडून उतरतायत की पश्चिमेकडून. एक लक्षात ठेवा, ट्रॅकरवर सगळी छोटी आणि लष्करी विमानं दिसत नाहीत. पडद्यावर आकाश रिकामं दिसलं म्हणून ते रिकामं असतंच असं नाही.

सात दिवसांचे आकडे मला पाठवा, आणि सोबत लिहा की तुम्ही त्यातल्या कुठल्या दिवशी, किती वाजता निघाला असता, आणि परत फिरायची वेळ काय लिहिली असती. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन प्लॅन घेऊन बसू. सरांनाही बोलावतोय, बघू येतात का. चला, खाली आई जेवायला हाका मारतेय.